पंखा आणि परिप्रश्न

लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या डोंगरात उगम पावून मावळातून वाहत जाणाऱ्या इंद्रायणीच्या काठी, देहूस, तुकोबा फाल्गुन वद्य द्वितीयेला विमानात बसून सदेह वैकुंठास गेले, ही वारकऱ्यांची श्रद्धा साडेतीन शतकांहून अधिक काळ अबाधित आहे. आणि त्या विमानाला पंखा होता काय, असल्यास तो किती पात्यांचा होता, त्याच्या इंजिनाला तेल कोणते लागत असे, हा प्रश्न कोणा शहाण्या माणसाने आजवर विचारल्याचे ऐकिवात नाही. विचारू नये हेच योग्य. ती श्रद्धा पदार्थविज्ञानाच्या दरबारात फिर्याद घेऊन आलेलीच नाही, तेव्हा तिची कैफियत मागण्याचा अधिकार त्या दरबाराला पोहोचत नाही. मात्र त्याच नदीच्या खोऱ्यात, कामशेतच्या आसपासच्या टेकड्यांवरून, पावसाळा सरला की छत्रीखाली तरंगणारी आणि क्वचित पाठीला इंजिन व पंखा बांधून हवेत उठणारी तरुण मुले दिसू लागतात. त्यांचे विमान, त्याला विमान म्हणावयाचे तर, बोल्टांनी आवळलेले असते, पेट्रोलावर चालते, आणि त्यांतला एखादा बोल्ट सैल राहिला तर वैकुंठाचा मार्ग पुष्कळच आखूड होतो.

ज्याने आपले यंत्र आपल्या हाताने जुळविले आणि जो स्वतःच त्यात बसून जमीन सोडणार आहे, त्याने आपल्या कृतीवर श्रद्धा ठेवावी की तिच्याविषयी संशय बाळगावा, हा प्रश्न वरवर पाहता कारखान्यातला वाटतो. परंतु तो मुळात धर्मविचारातलाच आहे. गीतेच्या चौथ्या अध्यायात संशयाने ग्रासलेल्या माणसाचा विनाश सांगितला आहे, हे आपण कीर्तनांतून आणि शाळेतल्या पाठांतरातून ऐकत आलो. त्याच अध्यायात अवघे सहा श्लोक आधी, ज्ञान हवे असेल त्याने प्रणिपात आणि सेवा यांच्या जोडीला परिप्रश्नही करावा असा आदेश आहे. पण हे कलम आमच्या प्रवचनकारांच्या दफ्तरात सहसा तळाशी दबलेले असते. गौतमाच्या न्यायदर्शनाने तर सोळा पदार्थांच्या गणनेत प्रमाण आणि प्रमेय यांच्या पाठोपाठ तिसरा मान संशयाला दिला आणि निर्णयाला नवव्या स्थानी बसविले. जे अजिबात ठाऊक नाही तेथे न्यायाची प्रवृत्ती होत नाही, जे ठरून गेले तेथेही होत नाही, संशयित अर्थाच्या ठायीच ती होते, असा भाष्यकार वात्स्यायनाचा अभिप्राय आहे. एकाच परंपरेत संशय एका ठिकाणी विनाशाचे कारण आणि दुसऱ्या ठिकाणी विचाराचे प्रवेशद्वार ठरतो. आणि हे दोन्ही संशय एकच आहेत काय, याचा उलगडा मला ग्रंथांपेक्षा पंख्याच्या तोलाने अधिक चांगला झाला.

लोणावळ्यात १५ फेब्रुवारी १९४५ पासून नौदलाचे ‘शिवाजी’ हे यंत्रविद्येचे शिक्षणकेंद्र आहे, आणि त्यामुळे समुद्रापासून इतक्या उंचीवर असूनही जहाजांची इंजिने अंतर्बाह्य ओळखणारी माणसे या गावात पुष्कळ भेटतात. तुंगार्लीकडे राहणारे माझ्या परिचयाचे एक निवृत्त गृहस्थ अशांपैकीच. मावळातली पॅरामोटरवाली मुले आपले पंखे त्यांच्याकडे तोल पाहण्यासाठी घेऊन येतात. त्यांच्या पडवीत दोन समपातळीत लावलेल्या पोलादी धारा आहेत. पंख्याच्या मधल्या छिद्रातून गुळगुळीत दांडी ओवून ती त्या धारांवर ठेवावयाची आणि हात काढून घ्यावयाचा. जड पाते आपोआप खाली येते. मग हलक्या पात्याच्या टोकाशी व्हार्निशाचा एक हात द्यावयाचा, तो सुकू द्यावयाचा, पुन्हा दांडी धारांवर ठेवावयाची. आणि पंखा ज्या स्थितीत सोडावा त्या स्थितीत, आडवा म्हणाल तर आडवा, उभा म्हणाल तर उभा, निश्चल राहीपर्यंत हाच क्रम चालवावयाचा. एकदा एक मुलगा या विलंबाने कंटाळून म्हणाला, “काका, अहो कालपर्यंत मस्त चालत होतं की!” त्यांनी मान वर न करता उत्तर दिले, “चालत होतं ते मलाही दिसलं रे बाबा. का चालत होतं, ते सांग.”

या उत्तरात काटेकोरपणाचा अतिरेक आहे असे ज्याला वाटेल त्याने थोडे गणित करावे. घरी बांधलेल्या लहान विमानाचा १.८ मीटर व्यासाचा पंखा मिनिटाला २७०० फेऱ्या घेत असेल आणि त्याच्या एका टोकाशी केवळ ५ ग्रॅम वजन जास्त असेल, तर त्या ५ ग्रॅमांची ओढ सुमारे ३७ किलो वजनाएवढी होते, आणि ही ओढ सेकंदाला ४५ वेळा दिशा बदलीत इंजिनाच्या बैठकीला हिसके देत राहते. तोल साधला तरी काम संपत नाही. दोन्ही पात्यांची टोके एकाच प्रतलातून जातात की नाही, हे प्रज्वलन बंद करून, प्लग काढून आणि चाकांना ठोकळे लावून, टोकाजवळ ठेवलेल्या लाकडावर पेन्सिलीची खूण करून हाताने पंखा फिरवीत पाहावे लागते. लाकडी पंख्यात तीनेक मिलीमीटरांपलीकडचा फरक खपवून घेत नाहीत. त्यानंतर पिचचा, म्हणजे एका फेरीत पंखा हवेत किती पुढे सरकू पाहतो याचा, प्रश्न उभा राहतो. पिच कमी असेल तर विमान उत्साहाने वर चढते आणि समपातळीत आल्यावर इंजिन नुसतेच ओरडते. जास्त असेल तर प्रवास वेगाने होतो, पण धावपट्टी सोडतानाच जीव मेटाकुटीस येतो. एकाच अचल पिचच्या पंख्याकडून दोन्ही सुखे मागता येत नाहीत, आणि कोणते सोडावयाचे हे ज्याचे त्याने ठरवावे.

लोणावळ्याची हवा या संशयात स्वतःची भर घालते. येथे वर्षाला चार हजार मिलीमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि जून ते सप्टेंबर कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते. अशा हवेत लाकडी पंखा उभा ठेवला तर ओल खालच्या पात्यात उतरते आणि महिन्यापूर्वी केलेला तोल बिघडतो, म्हणून तो नेहमी आडवा ठेवावयाचा असतो. ओलीने लाकूड फुगते, हिवाळ्यात आक्रसते, आणि त्याच्याबरोबर हबच्या बोल्टांचा ताणही बदलतो. हा ताण ऋतू पालटला की पुन्हा पाना लावून मोजावा लागतो. गाव समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरांहून थोडे उंच आहे, तेव्हा जुहूच्या हवेत कार्बुरेटर लावून आणलेले इंजिन येथे हवेच्या मानाने थोडे अधिक पेट्रोल पिते, कारण हवा सुमारे सहा टक्क्यांनी विरळ असते. आणि एप्रिलच्या दुपारी पारा ३५ अंशांवर गेला की तीच हवा इंजिनाच्या व पंख्याच्या दृष्टीने जवळजवळ १५०० मीटर उंचीवरची होऊन बसते. सकाळी सिद्ध झालेली गोष्ट दुपारी सिद्ध राहीलच असे नाही, हे वाक्य मी एखाद्या बौद्ध आचार्याच्या तोंडी घातले असते तर कार्ले-भाज्याच्या लेण्यांत शोभले असते. येथे ते हवामापकाच्या काट्यावर वाचता येते.

पंखा फिरविणाऱ्या इंजिनांत ‘रोटरी’ नावाची जी दोन घराणी आहेत, त्यांतले जुने घराणे तत्त्वचिंतकाला मोहात पाडणारे आहे. १९०८ च्या सुमारास फ्रान्समध्ये सेगँ बंधूंनी बनविलेल्या ‘नोम’ इंजिनात मधला दांडा विमानाच्या सांगाड्याला जखडलेला असे आणि सात सिलिंडरांचा सगळा गराडा पंख्यासकट त्याच्याभोवती गरगर फिरे. अचल मध्य आणि त्याच्या सन्निधानात नाचणारा सारा पसारा! सांख्यांचा पुरुष आणि त्यांची प्रकृती धातूत ओतून काढल्यासारखे हे चित्र आहे, आणि त्यावर तासाभराचे प्रवचन सहज रचता येईल. पण असे प्रवचन करणाऱ्याने हेही सांगावे की त्या प्रकृतीला वंगण म्हणून एरंडेल लागे, ते वापरून झाले की धुराबरोबर बाहेर उडे, आणि मागे बसलेला वैमानिक ते श्वासावाटे व तोंडावाटे सेवन करी; एरंडेलाचे गुण आपल्याकडे लहान मुलांनाही ठाऊक आहेत. पहिल्या महायुद्धात हरदित सिंग मलिक हे भारतीय वैमानिक ज्या ‘सॉपविथ कॅमल’ विमानातून लढले, त्याच्या नाकात अशीच फिरती इंजिने बसविलेली असत, आणि त्या फिरत्या वजनाच्या पिळामुळे ते विमान उजवीकडे विजेसारखे वळे व नवख्याच्या हातून तितक्याच वेगाने जमिनीकडे जाई. उपमेने इंजिन कळत नाही, आणि मला वाटते, पुरुषही कळत नाही.

दुसरे घराणे फेलिक्स वांकेल या जर्मन अभियंत्याचे. त्याचे पहिले इंजिन १९५७ साली चालले. शेंगेच्या टरफलासारख्या मध्ये किंचित आवळलेल्या पोकळीत तीन कोनांचा रोटर फिरतो, त्याच्या एका फेरीत दांड्याच्या तीन होतात. झडपा नाहीत, वरखाली आपटणारा दट्ट्या नाही, आणि म्हणून चालताना ते कमालीचे गुळगुळीत वाटते. माझदा कंपनीच्या गाड्यांतले १३०८ घनसेंटिमीटरांचे ‘१३-बी’ इंजिन काढून ते घरी बांधलेल्या विमानात बसविणारे हौशी लोक अमेरिकेत पुष्कळ आहेत. हे इंजिन सहा हजार फेऱ्यांच्या आसपास खरे बळ देते, आणि पंखा थेट त्या वेगाने फिरविला तर त्याची टोके ध्वनीचा वेग मागे टाकतील व हवेला ढकलण्याऐवजी नुसती किंकाळी फोडतील. म्हणून मध्ये गती उतरविणारा गिअर घालावा लागतो. खरी मेख या गिअरमध्ये आहे. इंजिनाचा दांडा, गिअर आणि लांब पात्यांचा जड पंखा मिळून पीळ खाणारी व सोडणारी एक स्प्रिंग तयार होते, आणि इंजिनाचे ठोके तिच्या स्वाभाविक लयीशी जुळले की पीळ प्रत्येक ठोक्याला वाढत जातो. हा कंप बैठकीला जाणवेलच असे नाही. कानाला सारे सुरळीत लागते, आणि आतून दांडा तुटण्याच्या मार्गावर असतो.

आपल्याला बरे वाटते एवढ्यावरून काही बरे आहे असे सिद्ध होत नाही, या साध्या गोष्टीशी आमच्या आध्यात्मिक व्यवहाराचे फार दिवसांचे वैर आहे. प्रचीती आली, असे एकदा म्हटले की चर्चा थांबते. रोटरी इंजिन जुळविणाऱ्याला ही चैन परवडत नाही. मिश्रणात पेट्रोल कमी पडले किंवा ठिणगी वाजवीपेक्षा आधी पडली, तर स्फोट आपल्या वेळेआधी होतो आणि रोटराच्या कोनांवरच्या बारीक पट्ट्या भंगतात. पण त्याच्या आदल्या क्षणापर्यंत इंजिन अतिशय प्रसन्न असते. म्हणून तो कानावर न विसंबता तापमापक, दाबमापक आणि धुरातल्या प्राणवायूचे मापक लावतो, शेपूट खुंट्याला बांधून तासन् तास जमिनीवर इंजिन चालवितो, आणि प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलतो. दोन एकदम बदलल्या तर फळ कोणत्या कर्माचे, हे सांगता येत नाही.

या विद्येचा थोडा वाटा आपल्या नगर जिल्ह्यालाही आला. बंगळूरच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेने वांकेल जातीच्या ५५ अश्वशक्तीच्या इंजिनाचा गाभा, आतल्या पृष्ठावरच्या निकेल व सिलिकॉन कार्बाइडच्या लेपासह, तयार केला. प्रज्वलनाची आणि इंधनाची व्यवस्था नगरच्या वाहन संशोधन व विकास आस्थापनेने केली. आणि २००९ साली ते ‘निशांत’ या वैमानिकरहित विमानात बसवून उडविण्यात आले. वैमानिकरहित, हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. रिकाम्या आसनाचे विमान पडले तर अहवाल लिहिला जातो. भरल्या आसनाचे पडले तर तेरावा घालावा लागतो. घरी विमान बांधणारा मनुष्य हा वादी, साक्षीदार आणि पुरावा तिन्ही एकटाच असतो, आणि त्याच्या संशयाला जे गांभीर्य येते ते यातून येते.

याच्या उलट टोकाला शिवकर बापूजी तळपदे यांची कथा आहे. १८९५ साली गिरगावच्या चौपाटीवर त्यांनी वेदविद्येच्या आधारे विमान उडविले, ही हकीकत महाराष्ट्रात इतक्या अभिमानाने सांगितली जाते की तिच्याबद्दल समकालीन विश्वसनीय पुरावा मागणाऱ्याकडे लोक देशद्रोह्याकडे पाहावे तसे पाहतात. तळपदे यांची जिज्ञासा खरी होती याविषयी मला शंका नाही. परंतु त्यांचे इंजिन कोणते, पंखा कसा, तोल कोणी पाहिला, पहिल्या बिघाडानंतर काय बदलले, यांपैकी काहीच त्या कथेत नाही, आणि ज्या यंत्राच्या चरित्रात एकही बिघाड नाही ते यंत्र, माझ्या मते, कधी चाललेले नाही. पुढे ‘वैमानिक शास्त्र’ नावाच्या ग्रंथाचा मोठा बोलबाला झाला. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ साली त्याची तपासणी करून, हा ग्रंथ विसाव्या शतकाच्या आरंभापलीकडे जात नाही आणि त्यातली विमाने उडू शकणार नाहीत, असा निर्वाळा दिला. या पाचांतले एक एच. आर. नागेंद्र पुढे योगविद्येच्या प्रसारासाठी देशभर प्रसिद्ध झाले. तेव्हा हा निर्वाळा परंपरेच्या शत्रूंनी दिला असे म्हणण्याचीही सोय राहिली नाही.

आणि योगाचा विषय निघालाच आहे तर लोणावळ्याने आपला हक्क सोडू नये. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली येथे कैवल्यधाम स्थापन केले तेव्हा योगाच्या क्रिया ऐकीव माहितीवर आणि गुरूच्या शब्दावर चालत होत्या. स्वामींनी उड्डियान आणि नौली करणाऱ्या साधकांना क्ष-किरणांपुढे उभे केले, आतड्यातला दाब मापकाने मोजला, आणि नौलीच्या वेळी तेथे अंशतः निर्वात स्थिती होते असे आढळल्यावर बस्तीत पाणी आत कसे ओढले जाते याचा उलगडा केला. त्या निर्वात स्थितीला त्यांनी आपल्या गुरूंचे, माधवदासजींचे, नाव दिले. हे मला फार अर्थपूर्ण वाटते. गुरूने शिकविलेली क्रिया मापकाला जोडणे हा काहींना गुरुद्रोह वाटला असता. स्वामींनी त्या मापनातच गुरूचे स्मारक उभारले. श्रद्धा ज्या वस्तूवर आहे ती वस्तू तपासणीत टिकेल असा ज्याला भरवसा असतो, तो तपासणीला भीत नाही. जो भितो त्याचा भरवसा स्वतःच्या श्रद्धेवर असतो, वस्तूवर नसतो. गीतेतला विनाश पावणारा संशय म्हणजे काही न करता, काही न तपासता, दोन्ही बाजूंना हेलकावत राहणारे मन असावे, असे मी या प्रकाशात समजतो. पंख्याला पाना लावणाऱ्या संशयाची जात वेगळी आहे, कारण त्याला निर्णयाकडे जाण्याची वाट ठाऊक असते.

तरीही येथे एक आक्षेप उरतो, आणि तो हलका नाही. तपासणीला अंत कोठे? प्रत्येक मापकाचा खरेपणा दुसऱ्या मापकाने पाहावा, त्याचा तिसऱ्याने, असे करीत गेल्यास अनवस्था ओढवते आणि विमान पडवीतच कुजते. कांदिवलीच्या चारकोपमध्ये आपल्या घराच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव यांची हकीकत या ठिकाणी आठवते. पेशाने वैमानिक असलेल्या या गृहस्थांचे विमान फेब्रुवारी २०१६ मध्ये गच्चीवरून उतरवून वांद्रे-कुर्ला संकुलातील ‘मेक इन इंडिया’च्या प्रदर्शनात ठेवण्यात आले, २०१७ साली नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या दप्तरी त्याची नोंद झाली, २०१९ साली उड्डाणचाचणीचा परवाना हाती पडला आणि २०२० साली धुळ्याच्या धावपट्टीवरून त्याचे चाचणी-उड्डाण झाले. वर्षानुवर्षांच्या या अर्ज-विनंत्यांवर वृत्तपत्रांनी सरकारी दिरंगाई म्हणून पुष्कळ शाई खर्च केली, आणि तीत तथ्य नव्हते असे मी म्हणणार नाही. आमची कचेरी संशय घेते तो पुष्कळदा बोल्टाविषयी नसून माणसाविषयी असतो. पण कारागिराचा संशय आणि कारकुनाचा संशय हे दोन्ही जेथे संपतात तेथेही एक फट शिल्लक राहतेच, आणि ती कोणत्याही मापकाने बुजत नाही. चाके जमीन सोडतात त्या क्षणी माणूस सिद्ध झालेल्या ज्ञानापलीकडे एक पाऊल टाकतो. त्या पावलाला श्रद्धा म्हणावयास माझी हरकत नाही. फक्त ते शेवटचे पाऊल असावे, पहिले नव्हे.

अमेरिकेतील नियमांनी ही फट तासांत मोजून ठेवली आहे. घरी बांधलेल्या विमानात प्रमाणित जोडीचे इंजिन व पंखा असेल तर पहिले २५ तास आणि अशी जोडी नसेल, म्हणजे मोटारीतले इंजिन किंवा घरी कोरलेला पंखा असेल, तर ४० तास, नेमून दिलेल्या क्षेत्रातच चाचणीची उड्डाणे साधारणतः करावी लागतात. त्यानंतर बांधणारा स्वतःच्या सहीने नोंदवहीत लिहितो की हे विमान सर्व नेहमीच्या वेगांत ताब्यात राहते. मात्र हा निर्णय त्या इंजिनापुरता, त्या पंख्यापुरता असतो. पुढे कधी पंख्याची जात बदलली किंवा असाच एखादा मोठा फेरफार केला, की ती सही रद्दबातल धरून विमान पुन्हा चाचणीच्या क्षेत्रात न्यावयाचे, किमान पाच तास उडवावयाचे, आणि नव्या तारखेने नवी सही करावयाची.